सूर्यमाळच्या माळावर डकोटा

चंद्रकला भोयेला गाडी लागते, हे जव्हारमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. नुसती एस.टी. नव्हे, जीप, रिक्षा, लग्नाचा टेंपो, जे जे म्हणून चाकांवर चालतं ते सगळंच तिला लागायचं. जव्हारमधून बाहेर पडायचं तर कुठल्याही बाजूनं घाट, आणि पहिल्या वळणालाच तिच्या पोटात ढवळायला लागे. कंडक्टर तिला ओळखून खिडकीची जागा मोकळी करून देत. लग्नानंतर ती सूर्यमाळला सासरी निघाली तेव्हा नवरीची जीप वाटेत इतक्यांदा थांबली, की वऱ्हाडातले काही जण पायवाटेनं पुढं जाऊन, जेवून, पान खाऊन परत तिला बघायला आले होते.

पंचायत समितीत ती कारकून होती आणि कामाला चोख होती. पण पालघरला मीटिंग निघाली की ती आधीच दुसऱ्या कुणाला तरी गळ घालून ठेवी. नवरा हरेश मोखाड्याला शिक्षक. त्यानं एकदा मोठ्या हौसेनं जुनी मारुती व्हॅन आणली. चंद्रकला तिच्यात एकदाच बसली, तेही बाजारपेठेपर्यंत. तेव्हापासून व्हॅन घरामागच्या शेडमध्ये उभी होती आणि शेजारच्या हौशीच्या कोंबड्या तिच्या खाली अंडी घालत होत्या.

तर अशा बाईच्या घरात दिवाळीला विमान आलं.

आणलं तिच्या लेकीनं, प्रगतीनं. ती नाशिकला नोकरीला होती, तिची पुण्याला बदली झाली, आणि नव्या खोलीत जागा नाही म्हणून आपला भलामोठा कॉम्प्युटर, विमान चालवायचं हँडल आणि पायात घ्यायची पेडलं असं सगळं बिऱ्हाड तिनं जव्हारच्या घरी आणून मांडलं. तिला जुन्या विमानांचं वेड होतं. पुढं पंखे फिरणारी, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात प्रवासी नेणारी विमानं. विमान उडवायच्या खेळात, पडद्यावर तिनं आईला डकोटा दाखवलं. जुहूहून उडवलं, समुद्रावर नेलं आणि ऐटीत वळवलं. पडद्यातलं क्षितिज तिरकं झालं मात्र, चंद्रकला तोंडावर पदर धरून मोरीकडे पळाली.

घरात बसून, खुर्चीवरून न हलता विमान लागलेली बाई जगात दुसरी नसेल, असं म्हणत प्रगती पोट धरून हसली. मग जाताना एवढंच म्हणाली, "आई, एकदा तू चालवून बघ. चालवणाऱ्याला लागत नसतं."

चंद्रकलानं ते कानाआड केलं. पण पुढच्या रविवारी हरेश निवडणुकीच्या ट्रेनिंगला गेला, घर रिकामं झालं, आणि पुसायला म्हणून ती त्या कॉम्प्युटरपाशी गेली. फडकं तिथंच राहिलं.

पहिल्यांदा विमान धावपट्टी सोडून शेजारच्या गवतात शिरलं. दुसऱ्यांदा ते स्वतःभोवतीच गरागरा फिरलं, कारण डकोटा शेपटाखालच्या चाकावर बसतं आणि पायातली पेडलं सांभाळली नाहीत तर त्याला पुढं जाण्यापेक्षा मागं वळण्याचीच ओढ जास्त. तिसऱ्यांदा मात्र ते सुटलं. गडगडाट करत धावलं, शेपूट उचललं, आणि जमीन खाली गेली. जुहूचा किनारा, लाटांची पांढरी किनार, मग नुसतं निळं पाणी. चंद्रकलानं श्वास धरून हँडल डावीकडे केलं. क्षितिज तिरकं झालं. ती पोटात ढवळण्याची वाट बघत राहिली.

काहीच झालं नाही.

तिनं उजवीकडे वळवलं. पुन्हा डावीकडे. मग वर, मग खाली, मग असं काही वेडंवाकडं की खऱ्या विमानातल्या प्रवाशांनी उड्या टाकल्या असत्या. पोट जागच्या जागी. उलट आत काहीतरी गुदगुल्या करत होतं. ती एकटीच मोठमोठ्यानं हसायला लागली, आणि हसण्याच्या भरात तिनं डकोटा समुद्रात घातलं. तेही तिला फार मजेचं वाटलं.

त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. हरेश शाळेतून यायचा तेव्हा कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत असायचा आणि बायको समोरच्या पडद्यावरून नजर न काढता सांगायची, "अहो, मी हवेत आहे, गॅस तुम्ही बंद करा." खेळ मधेच थांबवायचं बटण असतं, हे हरेशला लेकीकडून फोनवर कळलं होतं. त्यानं तसं सुचवताच चंद्रकला दुखावली. खरं विमान असं कधी मधेच थांबतं का, असं तिचं म्हणणं. मग हळूहळू हरेशच शेजारच्या खुर्चीत बसायला लागला. चाकं वर घेणं आणि खाली सोडणं हे काम त्याच्याकडे आलं. एकदा तो खाली सोडायला विसरला आणि विमान पोटावर घसरत गेलं, त्या संध्याकाळी त्याला जेवण वाढून झालं पण बोलणं काही मिळालं नाही.

तिला सगळ्यांत आवडायचं ते इंजिन चालू करणं. नवी विमानं म्हणे बटण दाबलं की चालू होतात. हे तसं नव्हतं. म्हातारा माणूस सकाळी पहिली बिडी ओढून खोकतो तसं ते आधी खोकायचं, निळसर धूर सोडायचं, पंखा दोन-तीन हिसके द्यायचा, पुन्हा अडायचा, आणि मग एकदम लय सापडून घरातल्या भांड्यांच्या मांडणीपर्यंत घुमायचं. गार असलं तरी रुसायचं, जास्त तापलं तरी रुसायचं. ऑफिसात फायली चाळताना चंद्रकलाच्या डोक्यात तीच घरघर चालू असे.

डिसेंबरात सासूबाई आल्या. गोजाबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, त्याचं ऑपरेशन जव्हारला झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि ताज्या नजरेनं त्यांनी घरात पहिली गोष्ट पाहिली ती सुनेचं विमान. मग त्यांनी विचारलं, की यात मुंबईच दिसते का आपल्याकडचंही काही दिसतं?

चंद्रकलाला हे सुचलंच नव्हतं. ती आपली जुहू, पुणे, गोवा करत होती. घराकडे यावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं गोजाबाईंना शेजारी बसवलं. हौशी आणि तिची सून प्राजक्ता काही मागायला म्हणून आल्या होत्या, त्याही मागं उभ्या राहिल्या. हरेशनं चाकं वर घेतली आणि डकोटा ईशान्येला निघालं.

तानसा तलाव आला, मोडकसागर आला. मग डोंगर सुरू झाले, एकामागं एक, दऱ्यांमधून जंगल भरलेलं. वैतरणेचं पाणी खाली चकाकलं. ढगाचे पुंजके खिडकीवरून गेले तेव्हा हौशीनं डोकं खाली केलं. गोजाबाई मात्र काळ्या चष्म्यातून पुढं झुकल्या होत्या आणि पडद्यावर बोट ठेवून ठेवून वाट सांगत होत्या. ही खोडाळ्याची वाट. हा ओहोळ. इथून डोंगराच्या कडेनं वर. आयुष्यभर ज्या डोंगरांवर त्या चालल्या, ते वरून कधी पाहिले नव्हते, तरी त्यांना एकही उतार परका वाटला नाही.

"तो बघ आपला पाडा," त्या म्हणाल्या. "आता उतरव."

इथं विमानतळ नाही, असं चंद्रकलानं सांगितलं. हरेशनंही सांगितलं.

"माळ हाय ना," गोजाबाई म्हणाल्या. "जवानीत आम्ही त्याच्यावर रातभर नाचायचो. इमानाला काय होतंय?"

मागून प्राजक्ता हसली, आणि त्या हसण्यानं चंद्रकलाला चेव आला. तिनं एक फेरी मारली. माळ लांबट होता, एका टोकाला झाडी, दुसऱ्या टोकाला थेट दरी. पहिल्यांदा ती फार उंच आली. माळ खालून निघून गेला आणि दरी पायाखाली आ वासून उघडली. बायकांनी एकमेकींचे हात धरले. चंद्रकलानं इंजिनांना पुरी ताकद दिली, डकोटा ओरडत वर चढलं, आणि ती पुन्हा वळली. या वेळी झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत ती खाली आली. गोजाबाई सांगत होत्या, आंब्याच्या डाव्या बाजूनं घे, तिकडं खडक नाही. हरेशनं चाकं आधीच सोडली होती आणि सोडली असल्याचं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. विमान आपटलं, उडालं, परत आपटलं, शेपूट खाली आलं, आणि दरीच्या अलीकडे येऊन, एक पंख कडेच्या पलीकडे काढून, थांबलं.

मग हौशीनं अशी आरोळी ठोकली की शेडमधल्या कोंबड्या फडफडत बाहेर आल्या.

गोजाबाईंनी चष्मा नीट केला. "मला कळतंय पोरी, चित्र हाय," त्या म्हणाल्या. "पण घरी आले ना मी?"

त्यांनी लगेच पाड्यावर फोन लावायला लावला आणि आपल्या धाकट्या दिराला, लाडक्याला, आपण आत्ताच विमानानं माळावर येऊन गेल्याचं कळवलं.

खरी पंचाईत पुढं झाली. डोळा बरा होऊन घरी जायची वेळ आली तेव्हा गोजाबाई एस.टी.त बसायला तयार होईनात. मला तूच ने, म्हणाल्या. जिनं डोंगरावर विमान उतरवलं तिला व्हॅन चालवता येत नाही, हे त्यांना पटेना. हरेशनं बायकोकडे पाहिलं. बायको शेडकडे पाहत होती.

शिकायला वेळ लागला, आणि तोपर्यंत गोजाबाई मुक्कामी राहिल्या. शाळेच्या मैदानावर चंद्रकला गोल गोल फिरायची. ब्रेकवर तिचा भरवसा लवकर बसला, पण चढ आला की ती स्टिअरिंग स्वतःकडे ओढायची, जणू व्हॅन आता जमीन सोडेल. लायसन्स हातात पडलं तसं तिनं सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, हरेशला मागं टाकलं, आणि भल्या सकाळी जव्हार सोडलं.

पहिलं वळण आलं. तिनं सवयीनं दात आवळले. वळण गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. मोखाड्याच्या पुढं रस्ता सापासारखा डोंगराला विळखे घालत चालला आणि ती त्याच्याबरोबर झुलत चालली. डावीकडे दरी, उजवीकडे कातळ, उन्हात वाळलेलं पिवळं गवत, वर मोकळं आभाळ. खिडकीतून येणारा गार वारा थेट तोंडावर. इतकी वर्षं हा रस्ता तिनं प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून काढला होता. तो इतका सुंदर असेल अशी तिला कल्पनाच नव्हती. ती गायला लागली, गोजाबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि खोडाळ्याच्या अलीकडे मागून हरेशचा बारीक आवाज आला, की जरा बाजूला घेशील का. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच गाडी लागली होती.

सूर्यमाळला अर्धा पाडा वाटेवर उभा होता. लाडक्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की माळावर चाकांच्या खुणा शोधून आलो, पण सापडल्या नाहीत, गुरांनी तुडवल्या असणार. मग त्याचं त्यालाच हसू फुटलं आणि हसता हसता त्यानं मनातलं सांगितलं. बांधकामावर असताना ठाण्याला विमानं रोज डोक्यावरून जायची, त्यात बसून एकदा आपलं रान बघावं असं तेव्हापासून वाटतंय. हे ऐकून शेजारी उभा असलेला माघ्या म्हणाला मलाही, त्याच्या मागची चैती म्हणाली मग मलाही, आणि चंद्रकला आनंदाच्या भरात बोलून गेली, की पुढच्या रविवारी सगळेच या.

सगळेच आले, गोजाबाईसुद्धा. एक जीप भरून आली, ती माणसं उतरवून परत गेली आणि दुसऱ्यांदा भरून आली. हरेशनं खुर्च्या, पाट, सतरंज्या मांडून मधे वाट ठेवली होती. तरी लोक दाराबाहेर उरले. चंद्रकलानं एकदा सगळ्यांवर नजर फिरवली. डकोटात एवढी माणसं मावणार नाहीत, म्हणाली, आणि तिनं चार इंजिनांचं मोठं विमान काढलं. ते तिनं आजवर कधी उडवलं नव्हतं, पण हे तिनं हरेशशिवाय कुणाला सांगितलं नाही.

एक इंजिन खोकलं, मग दुसरं. तिसऱ्यानं इतका धूर सोडला की चैतीनं नाकाला पदर लावला. चौथं चालू झालं तेव्हा मांडणीवरचे पेले थरथरायला लागले. हरेश ताटलीतून लिमलेटच्या गोळ्या वाटत मधल्या वाटेनं चालला होता. कुठं जायचं, यावर कुणाचं एकमत होईना. कुणी नाशिक म्हणे, कुणी समुद्र. लाडक्या म्हणाला, आधी उडव तर खरी, मग बघू.

विमान उडालं. जुहूचा किनारा खाली सरकला, आणि चंद्रकलानं डोंगरांकडे वळण घेतलं. पडद्यावर क्षितिज तिरकं झालं तसा अख्खा पाडा, म्हातारे, बाया, दारातले उभे, सगळे एकसाथ उजवीकडे कलले, आणि मधे उभा असलेला हरेश ताटलीसकट आईच्या मांडीवर जाऊन बसला.