सात पोरं आणि देवासची वाट

देवासचा निरोप आला तो शेजारच्या गृहस्थांच्या तोंडी. ते तिकडे लग्नाला गेले होते. मी ओसरीवर गहू पाखडत बसले होते आणि त्यांनी माझ्यादेखतच सासूबाईंना सांगितलं, "मुलांच्या आजीनं सांगितलंय, सुट्टीत तिन्ही मुलांना पाठवा. मुलगे शाळा उघडली की येतील परत. धाकटीला मात्र त्या कायमची ठेवून घेणार म्हणतात." सासूबाई "बरं" म्हणाल्या. मी तेच गहू पुन्हा पुन्हा पाखडत राहिले.

ही तिन्ही मुलं माझ्या पोटची नव्हती. त्यांची आई तापानं गेली आणि वर्षभरानं मी धारच्या त्या घरात आले. मी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची. दोन मुलगे समजत्या वयाचे होते, ते लांबून बघायचे. धाकटीला नुकतं बोलता यायला लागलं होतं. तिनं पहिल्याच आठवड्यात माझा पदर धरला तो सोडलाच नाही. रात्री माझी वेणी मुठीत धरून झोपायची. माझी स्वतःची आई मी रांगत होते तेव्हाच गेली, वडीलही लवकर गेले, उज्जैनला मामांच्या घरी मी वाढले. कुणी आपल्याला असं धरून झोपावं याची मला सवयच नव्हती. दोन वर्षांत ती लागली, आणि आता म्हणे तिला ठेवून या! भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "त्यांची लेक गेली आहे गं. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?" सासूबाईंचंही तेच. म्हणजे नाही म्हणायचं काम घरात कुणाचंच नव्हतं, आणि पोचवायचं काम मात्र माझं.

त्याचं कारण असं की संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कचेरीतली दप्तरं बांधून कुठं कुठं पाठवत होते, त्यामुळे ह्यांना रजा नव्हती. मोठ्या जाऊबाईंचे दिवस भरत आले होते, म्हणून मोठे दीर हलू शकत नव्हते. उलट सासूबाई म्हणाल्या, "तू जातेच आहेस तर मोठीची चारही ने. बाळंतिणीच्या घरी तेवढीच शांतता." तीन आणि चार सात झाली. सगळ्यांत मोठा आमचा थोरला, दहा वर्षांचा. सगळ्यांत लहान जाऊबाईंचं शेंडेफळ, ते अजून कडेवरच असायचं.

सातही जण मला काकू म्हणत. जाऊबाईंच्या मुलांची मी काकू होतेच. त्यांचं ऐकून आमचीही काकू म्हणायला लागली. एकत्र घरात असंच होतं, आधी ज्याच्या तोंडी जे बसेल ते सगळ्यांचं होतं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

तेव्हा पेट्रोलची मारामार होती. धारहून इंदूरला जाणारी मोटार कोळशावर चालायची. तिच्या पाठीला एक उंच बंब जोडलेला असे, क्लीनर हँडल फिरवून त्याला वारा घाली, आणि बऱ्याच वेळानं ड्रायव्हरच्या मनात आलं म्हणजे ती सुटे. मी दशम्या, गूळ, लोणचं आणि दोन फिरकीचे तांबे घेतले होते. शिवाय एक जुनं लुगडं, ते कशाला ते पुढं सांगते.

मोटारीत चढतो तर कंडक्टर पोरांना सगळ्यांत मागे, त्या बंबाला टेकून ठेवलेल्या पोत्यांवर बसवायला लागला. पत्रा इतका तापलेला की हात लावला की चटका. माझं डोकं फिरलं. "क्यों भिया," मी म्हटलं, "बच्चे हैं कि भुट्टे, जो भूनने को रखे हैं?" सगळी मोटार हसली. तो म्हणाला, जागाच नाही. मी दारातच उभी राहिले. मी चढेना, त्यामुळे मागची माणसंही चढेनात. शेवटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आगे बिठा दे यार इनको, नहीं तो गाड़ी यहीं रात करेगी." आम्हाला पुढची दोन बाकं मिळाली.

शेजारी एक माळवी म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. तिनं एकेक पोर नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "बई, ई सगळा तमारा छोरा-छोरी हे कई?" मी ठसक्यात म्हटलं, "हाँ, सब मेरे ही हैं." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, थोरल्याच्या उंचीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पण थोड्या वेळानं तिनंच शेंडेफळाला मांडीवर घेतलं आणि इंदूर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

घाटाबिल्लोदच्या अलीकडेच जाऊबाईंचा मोठा मुलगा म्हणाला, "काकू, माझा जी मचलतोय." मी "थांब" म्हणेपर्यंत आमच्या मधल्याच्या सदऱ्यावर सगळं झालं होतं. मग मधला रडला, म्हणून धाकटी रडली. जाऊबाईंच्या दोघी मुली खिडकीवरून एकमेकींना चिमटे काढत होत्या, त्या संधी साधून मोठ्यानं भांडायला लागल्या. चढ आला की मोटार धापा टाकत थांबायची आणि सगळ्यांनी उतरून चालायचं. मला ते चालणंच आवडायचं. दोन्ही बाजूंना काळी नांगरलेली शेतं, मधे एखादं पळसाचं झाड, आणि पोरं पुढे धावत मोटारीला हरवायची. मोटार खरंच हरायची बिचारी.

आता लुगड्याचं. इंदूरला मोटार बदलायची होती आणि तिथली गर्दी माझ्या माहितीची होती. म्हणून आदल्या दिवशी त्या लुगड्याला मी हातभर अंतरानं गाठी मारून ठेवल्या होत्या. प्रत्येकानं आपली गाठ धरायची, सोडली तर पुढच्या दशमीबरोबर गूळ नाही. पुढे थोरला, मागे मी शेंडेफळाला कडेवर घेऊन, मधे पाच जण. अशी आमची वरात बाजारातून निघाली. टांगेवाले थांबून बघायला लागले. एक हलवाई ओरडला, "अरे, पूरी पलटन जा रही है!" धाकटीला हे इतकं आवडलं की देवासच्या मोटारीत बसल्यावरही ती आपली गाठ सोडेना.

धाकटीला घट्ट धरून मी बसले होते आणि मनात म्हणत होते, हिला कळत नाही आपण कुठं चाललोय ते. देवास जवळ जवळ येत होतं. म्हणून क्षिप्रेच्या अलीकडे मोटार बंद पडली तेव्हा मला बाई आनंदच झाला. ड्रायव्हर म्हणाला, "भट्टी ठंडी पड़ गई, बाईजी. अब टाइम लगेगा." बाकी माणसं कुरकुरत होती. मी कडुलिंबाखाली लुगडं पसरलं आणि दशम्या सोडल्या.

पोरं खाऊन खेळायला गेली. थोरला मात्र माझ्याजवळ बसून राहिला. हा मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. बराच वेळ गवताची काडी मोडत होता, मग एकदम म्हणाला, "काकू, धाकटीला आजीकडे ठेवायचं ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"मला माहीत आहे. तुला ती नकोय का?"

मला असं कुणी तोंडात मारल्यागत झालं. "नको कशी असेल?" मी म्हटलं. "पण मोठी माणसं ठरवतात. सुनेनं मधे बोलायचं नसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मोटारवाल्याशी तर केवढी भांडलीस," तो म्हणाला.

त्यानं आणखी एक दशमी घेतली आणि खेळायला गेला. पण त्याला ती माझ्याजवळ राहायला हवी होती, हे त्यानं सांगितलं होतं. मला एकदम धीर आला.

बंब काही तापेना. शेवटी ड्रायव्हरनंच भुसा टाकून परत चाललेली, तळाशी थोडा भुसा उरलेली एक बैलगाडी थांबवली आणि आम्हाला तीत चढवलं. "इनको माताजी की टेकरी के नीचे उतार देना," त्यानं गाडीवानाला बजावलं. भुशात लोळत, खाजवत, गाणी म्हणत आम्ही दिवेलागणीला देवासला पोचलो. आजी दारातच उभी होती. तिनं आधी धाकटीला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या केसांतला भुसा काढत रडायला लागली. त्या रडण्यापुढे मी माझा राग धरून ठेवू शकले नाही. तो कुठं ठेवावा तेही कळेना.

घर टेकडीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं, भाड्याचं. आजोबा नोकरीसाठी सतवासला असत. घरात आजी आणि तिचा मुलगा, म्हणजे मुलांचा मामा, एवढीच माणसं. आजी कडक होती, पण हात सढळ. सातही पोरांना तिनं सारखंच तूप वाढलं. माझ्याशी मात्र तोलून मापून बोलायची. आणि मुलं दिवसभर हाका मारायची, काकू पाणी, काकू बघ ना हा, काकू शी आली. प्रत्येक हाकेला आजी मान वर करून बघायची. मला वाटलं, गोंगाटाचा त्रास होत असेल.

मुलगे सुट्टीभर राहणार होते, जाऊबाईंच्या चौघांना घेऊन मला परतायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कुरडया वाळत घालत होतो. धाकटीनं आतून हाक मारली, "काकू!" आजीचा हात थांबला.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, अजून काकूच म्हणते. लेकराला कळतं कोण कुणाचं ते. तुला मी दोष देत नाही. पण काकूजवळ ठेवायची, तर आजी काय परकी आहे? इथंच राहू दे तिला."

म्हणजे हिच्या मनात हे होतं! मी मान खाली घातली. तेवढ्यात मामा कचेरीतून आला. दारातच चपला काढत त्यानं रोजच्यासारखी हाक दिली, "वहिनी, चहा टाक गं!"

आणि आजी उठली.

मी तीन दिवस ती हाक ऐकत होते आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. तो आता पडला. "मामा तुमचे कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे काय? मुलगा माझा. पोटचा."

"मग तुम्ही त्यांच्या वहिनी कशा?"

माझा आवाज चढला होता, तो मलाच ऐकू आला. "तुमचे दीर वहिनी म्हणत असतील, म्हणून तेही म्हणायला लागले असतील. आमच्याकडेही तेच झालंय. ती मला काकू म्हणते आणि माझी वेणी धरल्याशिवाय झोपत नाही. तुम्ही तिला ठेवून घेतलीत तर ती इथं रडेल आणि मी तिथं रडेन. मला ती हवी आहे."

मामा एक चप्पल हातात धरून उभाच राहिला. आजी आत गेली. चहा झाला, स्वयंपाक झाला, जेवणं झाली, ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी बांधाबांध केली. धाकटीचे कपडे कोणत्या गाठोड्यात घालावेत ते मला ठरवता येईना, म्हणून ते तसेच बाहेर ठेवले.

सकाळी आजीनं धाकटीची वेणी घातली. मग मला म्हणाली, "बस इथं." मी पाठ करून बसले. तिनं माझे केस सोडले आणि तेल घालायला लागली. माझ्या केसांना असं कुणी तेल घातल्याचं मला आठवत नव्हतं.

"माझी लेकही मला वहिनीच म्हणायची," ती म्हणाली. "शेवटच्या दुखण्यात मी धारला आले होते. 'वहिनी, माझ्याजवळ बस' म्हणाली. त्या हाकेत मला काही कमी वाटलं नव्हतं." तिनं माझा भांग पाडायला घेतला. "मी विसरलेच होते बघ. जा घेऊन तिला."

मला हुंदका आवरेना. ती मागून केस ओढत, रागावल्यासारखी म्हणाली, "हलू नकोस, भांग वाकडा होतो. आणि दर उन्हाळ्यात घेऊन यायचं तिला. पाहुणीसारखं तीन दिवस नाही, लेकी माहेरी येतात तसं यायचंस. तुला तरी दुसरं कोण आहे?"

हे तिला ह्यांनी सांगितलं होतं की तिनं माझ्याकडे बघून ओळखलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"काय म्हणू म्हणजे? घरात सगळे काय म्हणतात?"

मी म्हणाले, "वहिनी." तिनं "ओ" दिली. तोपर्यंत मी कुणाला आई म्हणून हाक मारलीच नव्हती.