लढाईत राहणारी आई

नागपूर स्टेशनावर गाडी सुटायच्या जरा आधी बाबांनी मुक्ताला माझ्या कडेवरून काढून घेतलं आणि मालगाडीचे डबे दाखवतो म्हणून प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला घेऊन गेले. ती तीन वर्षांचीही नव्हती. तिनं रडू नये म्हणून केलेली युक्ती होती ती, आणि साधलीही. गाडी हलली तेव्हा मला दिसली ती बाबांची पांढरी टोपी आणि त्यांच्या खांद्यावर टेकलेलं तिचं लाल कानटोपरं. दोघांचीही पाठ माझ्याकडे होती. आई खिडकीशी चालता चालता पोहोचल्याची तार कर, तार कर, एवढंच म्हणत राहिली.

शरदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बेलफास्टच्या एका हॉस्पिटलात भूल देण्याच्या विभागात जागा मिळाली होती. मुक्ताही आमच्याबरोबर यायची होती. तिचे गरम कपडे शिवून झाले होते. पण आमचं जायचं ठरलं आणि वर्तमानपत्रात उत्तर आयर्लंडच्या बातम्या रोजच येऊ लागल्या. बांगलादेशची लढाई नुकती संपलेली. आमच्या धरमपेठेतल्या खोल्यांच्या तावदानांवर ब्लॅकआउटसाठी चिकटवलेला काळा कागद आईनं अजून पुरता खरवडून काढला नव्हता. बाबा म्हणाले, "आत्ता एका लढाईतून सुटलो अन् तुम्ही दुसरीत जाऊन राहिले. तुम्ही मोठे आहा, तुमचं तुम्ही पाहा. पोरीले मी नाही जाऊ देत." मग सहा महिन्यांची बोली झाली. आम्ही आधी जावं, घर बघावं, सगळं ठीक दिसलं की तिला न्यावं.

बाबांविषयी गैरसमज नको. ते काही जगाची खबर नसलेले गृहस्थ नव्हते. कुहीजवळच्या खेड्यातून, धानाच्या बांध्यांतून उठून नागपुरात आले, सरकारी कचेरीत कारकुनी केली, रोज दोन पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. तरुणपणी त्यांच्या पिढीला आयर्लंडचं फार कौतुक. इंग्रजांशी लढणारा तो आपलाच भाऊ, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांनी कधी सोडली नाही. त्यामुळे बेलफास्ट म्हणजे एकीकडे इंग्रज शिपाई आणि दुसरीकडे आयरिश जनता, मध्ये रस्ता, आणि त्या रस्त्यावर त्यांची सुमन भाजी आणायला निघालेली, असं चित्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुहीचे काका म्हणत, ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसाशी कशाला भांडेल, यात दुसरंच काहीतरी आहे. ते दुसरं काय, हे मात्र ते सांगत नसत.

मी इथे पोहोचले तेव्हा मलाही काय ठाऊक होतं? ज्या गल्लीत आम्हाला घर मिळालं तिथे फुटपाथच्या कडेचे दगड लाल, पांढरे आणि निळे रंगवलेले होते. मला वाटलं, काही सण असेल. हळूहळू कळलं, की ते ब्रिटिश झेंड्याचे रंग, इथले प्रॉटेस्टंट लोक स्वतःला ब्रिटिश म्हणवतात आणि चार गल्ल्या पलीकडचे कॅथलिक आयरिश, आणि दोघांच्याही कित्येक पिढ्या याच मातीत गेल्या. भांडण चर्चमधल्या प्रार्थनेचं नव्हतंच. राज्य कुणाचं, घर कुणाला मिळणार, नोकरी कुणाला मिळणार, याचं होतं. एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवावी लागली नाही. नवा माणूस भेटला की ते नाव विचारत, मग शाळा कुठली ते विचारत, आणि एवढ्यावरून समोरचा कुठल्या बाजूचा हे मनातल्या मनात ठरवून टाकत. आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" असं गोड आवाजात विचारून आडनावावरून जात काढतात, तसंच. नागपूरच्या मुलीला ते पहिल्या आठवड्यात कळलं.

खोटं कशाला सांगू, वाईट दिवस होते. दूर कुठेतरी स्फोट झाला की खिडक्या थरथरत आणि शरदची ड्यूटी लांबत जाई. घरी आल्यावर तो बराच वेळ नुसता बसून राही. दुकानात शिरताना पर्स उघडून दाखवावी लागे. पण दुधाच्या बाटल्या रोज सकाळी दाराशी येत, मुलं गणवेश घालून शाळेत जात, बायका पावसाला शिव्या देत वाळत घातलेले कपडे आत घेत. या दोन्ही गोष्टी एकाच पत्रात लिहिता येत नाहीत. पहिली लिहिली तर आईच्या तोंडचं पाणी पळे. दुसरी लिहिली तर बाबा म्हणत, पोरगी लपवून राहिली.

समोरच्या घरात मिसेस बेल राहायच्या. विधवा, साठीच्या, जिभेनं तिखट आणि हातानं सढळ. मुक्ताचा फोटो पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, ही कुठल्या छावणीत आहे? टीव्हीवर त्यांनी बांगलादेशचे निर्वासित पाहिले होते आणि त्यांच्या लेखी हिंदुस्थान म्हणजे तेवढाच. मी सांगितलं, की धरमपेठेत पक्क्या खोल्या आहेत, नळाला पाणी येतं, तिचे आजोबा तिला रोज फिरायला नेतात. त्यांनी मान हलवली. दुःख झाकायला माणूस काहीबाही बोलतो तेव्हा आपण ऐकून घेतो आणि मान हलवतो ना, तशी. नागपुरात बाबा माझी पत्रं वाचून नेमकी अशीच मान हलवत असणार. मला तेव्हापासूनच थकायला झालं. दोन्हीकडची वकिली करायची, आणि दोन्हीकडे कोर्टाचा निकाल आधीच लागलेला.

सहा महिन्यांची बोली लांबत गेली, पण दुसऱ्या वर्षी पाडव्याच्या सुमारास मुक्ताला आणायचं अगदी नक्की झालं होतं. शरदच्या हाताखाली वर्ध्याकडचे डॉक्टर ठोंबरे नवे लागले होते. त्यांच्याबरोबर आईनं साखरेची गाठी पाठवली. मला इतका आनंद झाला, की मी वरच्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या खिडकीतून गुढी बाहेर काढली. लग्नातली हिरवी रेशमी साडी, तिचा केशरी पदर नीट दिसेल असा सोडलेला, त्यावर पांढरीशुभ्र गाठी आणि वर तांब्या. कडुनिंब नव्हता म्हणून कुठलीशी डहाळी बांधली. खाली जाऊन पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. सणाला आमच्याकडे आलेल्या ठोंबऱ्यांनी नमस्कार केला.

एवढ्यात मिसेस बेल अॅप्रन न सोडताच रस्ता ओलांडून आल्या. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमचं नवं वर्ष. त्या जरा वेळ वर बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, हिरवा, पांढरा, केशरी. हा पलीकडच्यांचा झेंडा आहे, बाई. या गल्लीत तो लावणं म्हणजे काय, तुला ठाऊक आहे का? कोपऱ्यावर दोन तरुण उभे राहून आमच्या खिडकीकडे पाहत होते. हेच तीन रंग मी लहानपणापासून दर पंधरा ऑगस्टला छातीवर लावत आले होते, पण ते आता कुणाला सांगणार? मी पुन्हा म्हटलं, हा सण आहे. त्या म्हणाल्या, "मला कळलं. दगड मारणाऱ्याला कळायचं नाही."

पण गुढी सकाळीच उतरवायची कशी? ती संध्याकाळपर्यंत उभी राहायला हवी. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच्या घरून कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायची लांब काठी आणली आणि आमच्या मागच्या चौकात, कोळशाच्या खोलीला टेकून, गुढी आम्ही दोघींनी मिळून उभी केली. तोंड कुठल्या दिशेला हवं, हेही त्यांनी विचारलं. त्या कोपऱ्यावरच्या मुलांशी जाऊन काय बोलल्या कोण जाणे, पण ती निघून गेली. सूर्य मावळल्यावर मी गुढी उतरवली आणि गाठीचा एक तुकडा त्यांना दिला. नुसती साखरच आहे की, म्हणून त्यांनी तो खाल्ला. माझ्या इथल्या सगळ्या वर्षांतल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक.

डॉक्टर ठोंबरे उन्हाळ्यात रजेवर गेले आणि धरमपेठेत आमच्याकडे जेवायला गेले. त्यांनी झालं तेच सांगितलं, असं ते आजही म्हणतात. पण आमच्या खोल्यांतून गोष्ट बाहेर पडली आणि जो तो आपलं तिखट-मीठ घालत गेला. शेजारी म्हणाले, गुढी उतरवली. गांधीबागेत कापड घ्यायला गेलेल्या मावशीला कळलं, की गुढी जाळली. कुहीला पोहोचेपर्यंत आम्हाला ख्रिस्ती करायला लागले होते. बाबांनी त्यातलं जाळण्याचं आणि बाटवण्याचं मानलं नाही, तेवढं त्यांचं वाचन होतं. त्यांनी आपलं एक काढलं, की इंग्रजांनी पोरीची गुढी उतरवली. माझ्या खुलाशाच्या पत्राला त्यांचं उत्तर आलं, मुक्ताचं नाव इथल्या शाळेत घातलं आहे.

पुढे आणीबाणीच्या काळात आम्हाला सहा आठवड्यांची रजा मिळाली. मुक्ताला बरोबर घेऊनच परतायचं, हे शरदनं आणि मी विमानातच ठरवलं होतं. निघताना मिसेस बेलनी माझा हात धरून सांगितलं होतं, की पेपरात तुमच्याकडचं वाचते आहे, लोकांना उचलून तुरुंगात टाकतात म्हणे, त्या पोरीला तिथून लवकर सोडवून आण.

मुक्ता सहा वर्षांची झाली होती. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. पहिल्याच दिवशी कुंपणापाशी तिची मैत्रीण आली, तेव्हा तिनं माझ्याकडे बोट दाखवून ओळख करून दिली, "हे माही आई आहे. लढाईत राहते." तिच्या आवाजात जराही दुःख नव्हतं. कुणाची आई उमरेडला राहते, कुणाची कामठीला, तशी हिची लढाईत. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दुपारी जेवणं झाल्यावर मी बाबांशी बोलायला बसले. सगळं पहिल्यापासून सांगितलं. दूध, शाळा, मिसेस बेल, गल्लीतली मुलं. ती भांडणं आपल्याशी नाहीत, आपण हिंदू म्हणून कुणी बोट लावलेलं नाही, असं बरंच बोलले. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पानाला चुना लावता लावता म्हणाले, "तू म्हणते तसंच असंल. मंग मले एवढंच सांग वं सुमन, गुढी मागच्या आंगनात काहून न्या लागली?"

ते रंगांचं होतं, आपलं नव्हतं, असं म्हणाले. ते म्हणाले, "आपलं नव्हतं तरी आपल्यालेच हटवा लागली ना." रागावून नाही, थकून म्हणाले. नातीला जवळ ठेवायला त्यांना बहाणा हवा होता, असं शरद म्हणतो. मला तसं वाटत नाही. ते खरोखर घाबरले होते. शेवटी म्हणाले, पोरीलेच विचारा. मुक्ता आजोबांच्या धोतराला धरून उभी होती. ती समजूतदारपणे म्हणाली, की लढाई संपली की येईन. आम्ही दोघंच परत आलो.

मग वर्षं गेली. आम्ही नागपूरला जात राहिलो, ती मोठी होत राहिली. दर वेळी तिचं काहीतरी निघे, परीक्षा, स्नेहसंमेलन, मैत्रिणी. बाबा गेले, वाद घालायलाही कुणी उरलं नाही. गेल्या उन्हाळ्यात, बारावी झाल्यावर, मुक्ता पहिल्यांदा इथे आली. मिसेस बेल आता काठी घेऊन चालतात. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं, तुमच्याकडे आता शांत आहे ना? मुक्ताने हो म्हटलं आणि तेवढ्याच काळजीनं त्यांना विचारलं, तुमच्याकडे? दोघींनाही एकमेकींची कीव आली होती. मी मध्ये उभी राहून या भाषेतलं त्या भाषेत सांगत होते.

आठवडाभर ती कमी बोलली. खिडकीत बसून रस्ता बघायची. चिलखती गाडी गेली तर उठून बघायची आणि पुन्हा बसायची. एका सकाळी मी चहा उकळत होते, तेव्हा तिकडूनच म्हणाली, "इथं तर काहीच नाही, आई. दूधवाला येऊन राहिला, पोरं शाळेत जाऊन राहिले. मंग तू मले तेव्हा काहून नाही आणलं?"

मी म्हटलं, आजोबांना भीती वाटत होती. ती म्हणाली, "तुले तर नव्हती ना वाटत."

पंधरा वर्षं मी नागपूरच्या प्रत्येक माणसाला सांगत आले, की तुम्ही समजता तशी इथे लढाई नाही. कुणाला पटलं नाही. जिला पटलं ती माझी मुलगी, आणि तिच्यापुढे उभी राहून मला वाटत होतं, की या क्षणी बाहेर काहीतरी व्हावं, खिडक्या थरथराव्यात, म्हणजे मला हिला काही दाखवता येईल. बाहेर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. चहा उतू गेला.

मुक्ता परत जाऊन आता वर्ष होईल. इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं, की मी अजूनही नागपूर सांगते, कारण ती तिथे आहे. तिला कुणी विचारलं, तुझी आई कुठे राहते, तर ती आता काय सांगते, हे तिला विचारायचं धैर्य मला झालेलं नाही.