कांद्याच्या थप्पीवरची बाई

सांगलीत घर घेतलं तेव्हा आमच्या हॉलच्या भिंतीवर घड्याळाशिवाय काही नव्हतं. नवऱ्याच्या मते तेवढं पुरेसं होतं. मी मात्र साताऱ्याला माहेरी गेले की एखादं चित्रप्रदर्शन गाठायची आणि परतताना कागदात गुंडाळलेली चौकट मांडीवर घेऊन एसटीत बसायची. शेजारी बसलेली बाई हमखास विचारायची, "कुठल्या देवाचा फोटो हाय?"

देव त्यात कधीच नसायचा. पहिलं चित्र आणलं ते लोणंदच्या बाजाराचं होतं. कांद्याच्या पोत्यांची थप्पी आणि तिच्यावर तोंडावर पदर घेऊन आडवी झालेली एक बाई. ठसा कोरून, काळी शाई लावून कागदावर उमटवलेलं. साताऱ्यातल्या एका तरुण चित्रकार मुलीचं काम. नवरा म्हणाला, "कांदे बघायला भिंत कशाला? स्वयंपाकघरात टोपली आहे की."

मग वाईच्या घाटाचं जलरंगातलं चित्र आलं, उसाच्या फडाचं आलं. एक नुसतंच लाल-पिवळं आलं. मी त्याला मावळतीचं आभाळ म्हणायची, नवरा पावभाजी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका एकटेच राहायचे. मूळचे फलटणकडचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. जिन्यात भेटले की हसायचे, पण घरात पाऊल टाकलं की चित्रांकडे बघून मान हलवायचे. "धूळ बसायला जागा केलीस, पोरी," एवढंच म्हणायचे.

त्या पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चढायला लागली. आमचं घर तळमजल्यावर. काकांनी वरून हाक मारली, "आवं, बघत काय बसलाय? सामान वर आणा!" नवरा मिक्सर, गादी, गॅसची टाकी घेऊन जिना चढायला लागला. मी भिंतीवरची चित्रं उतरवायला घेतली.

"अगं, आधी फ्रीज!" तो ओरडला.

"फ्रीज दुकानात मिळतो," मी म्हटलं आणि पावभाजी काखेत मारून वर गेले.

फ्रीज शेवटी खालीच राहिला, आणि बुडाला. आम्ही काकांच्या दोन खोल्यांत मुक्काम ठोकला. जमिनीवर जिकडेतिकडे सामान, चित्रांवर कुणाचा तरी पाय पडायचा. काकाच म्हणाले, "भिंतीला खिळं हायेत, टांग की तिकडं." अशी माझी सगळी चित्रं काकांच्या भिंतीवर गेली.

वीज नाही, टीव्ही नाही, मोबाईल बंद. खिडकीतून बघावं तर सगळीकडे गढूळ पाणी, ते बघवत नव्हतं. मग माणूस करणार काय? आम्ही खिचडी खात चित्रं बघायचो. आणि मान हलवणारे काका बोलायला लागले. उसाचं चित्र त्यांनी नापास केलं. "ह्यो ऊस न्हाई, ह्यो बोरू हाय." वाईच्या घाटासमोर मात्र ते ताट घेऊन बसले. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तिथे गेले होते, हे त्यांनी मला नाही, नवऱ्याला सांगितलं.

पण त्यांचा जीव जडला तो कांद्यावाल्या बाईवर.

"दमून झोपलीय बिचारी," मी म्हटलं.

"झोपती कसली! जागी हाय ती. पदराआडनं व्यापाऱ्यांचा भाव ऐकतीय. लय हुशार बाई."

पाणी ओसरलं. चिखल काढता काढता आमचं कंबरडं मोडलं, आणि भिंती अशा भिजल्या होत्या की दिवाळीपर्यंत खिळा ठोकायची सोय नव्हती. चित्रं वरच राहिली. अखेर मी आणायला गेले तेव्हा काकांनी एकेक चौकट जुन्या धोतराच्या फडक्यात नीट बांधून ठेवली होती. कांद्यांचं चित्र तेवढं भिंतीवरच होतं.

"ही बाई राहू दे का माझ्याकडं?" ते म्हणाले. "घरात कुणीतरी हाय असं वाटतंय."

मला एकदम नाही म्हणवेना आणि हो म्हणायलाही मन तयार होईना. माझं पहिलं चित्र होतं ते. मग सुचलं, ठशाचंच तर चित्र आहे, त्याच्या आणखी प्रती असणार. साताऱ्याच्या त्या चित्रकार मुलीला फोन केला. "एक प्रत उरलीय, या," ती म्हणाली. काका हट्टानं बरोबर आले. अंगावर इस्त्रीचा सदरा आणि साताऱ्याला पोचेपर्यंत तोंडात एकच विषय.

दारातच त्यांनी तिला विचारलं, "पोरी, खरं सांग, ती बाई जागी हाय का झोपलीय?"

ती खळखळून हसली. "काका, ती माझी आत्या आहे. ठार झोपलेली. घोरत होती, सगळा बाजार हसत होता."

मी विजयी मुद्रेनं काकांकडे बघितलं. त्यांनी सावकाश चपला काढल्या. मग म्हणाले, "घोरायचं सोंग आसंल."

उरलेली प्रत मी घेतली, भिंतीवरची त्यांच्याकडेच राहू दिली. त्या दिवशी ते तिथे बराच वेळ रमले, चित्रं उलटीपालटी करून बघत. निघताना त्यांनी स्वतःसाठी रहिमतपूरच्या गल्लीतल्या एका सायकलीचं छोटं चित्र पसंत केलं, आणि तिथून त्यांना जे वेड लागलं ते लागलंच. आता प्रदर्शनाची बातमी माझ्याआधी त्यांना कळते. गेल्या हिवाळ्यात वाईला मी सकाळच्या गाडीनं पोचले, तर एका शेळीच्या चित्राखाली काका हाताची घडी घालून उभे. शेळी कुंपणावर चढून कुणाची तरी वाळत घातलेली चादर खात होती. मला ती बघताक्षणी हवी झाली.

"ही माझी," ते म्हणाले. "पहाटेच्या गाडीनं आलोय."

ती शेळी त्यांनी स्वयंपाकघरात, ओट्यासमोर लावली आहे. भाकरी थापताना सोबत होते म्हणतात.