हिरव्या पुड्यामागची बाटली

तैवानमधल्या आमच्या काऊशुंगच्या रंगकारखान्यात यंत्रं नीट चालावीत म्हणून त्यांच्या डोक्यावर हिरव्या पुड्यातला नारळाचा कुरकुरीत खाऊ ठेवतात. पुडा हिरवाच हवा आणि त्याची मुदत संपलेली नको, नाहीतर यंत्र रुसतं. रंग पातळ करायच्या सॉल्व्हंटच्या गोदामातही फडताळावर असा पुडा असायचा. तो बदलायचं काम बीलियनताईचं, कारण गोदामच तिचं. नवरा गेल्यावर याच नोकरीवर तिने दोन मुली वाढवल्या. तोंड असं फटकळ की मॅनेजर लिनसुद्धा तिला टाळून जायचे.

त्या सकाळी ती नवा पुडा घेऊन आत गेली. मागे लोखंडी दार धाडकन लागलं. ते नेहमीच तसं लागायचं आणि शेजारचं फडताळ खणखणायचं. आदल्याच दिवशी आत नवी ट्यूबलाइट लावली होती, त्यामुळे कोपरेही लख्ख दिसत होते. तिने जुना पुडा उचलला, तर मागच्या कोपऱ्यात एक तपकिरी बाटली. झाकणाभोवती खडीसाखरेसारखे खडे.

मी मागच्या अंगणात ड्रम धूत होते. खिडकीच्या गजांतून तिचा आवाज आला, अगदी हळू.

"श्यूमेई, ओरडू नकोस. दाराला कुणाला हात लावू देऊ नकोस."

"काय झालं गं ताई?"

"इथर आहे, जुनं. खडे धरलेत."

मी दारापाशी माणूस उभा करून अग्निशमनवाल्यांना फोन लावला. इथर हवा लागून मुरलं की त्यात स्फोटक तयार होतं, म्हणून विकतानाच त्यात ते दाबून ठेवणारं औषध घालतात. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी शुद्ध हवं म्हणून ते पुन्हा उकळून गाळून घेतलं, औषध निघून गेलं, आणि उरलेलं तारीख न लिहिता इथे आणून ठेवलं. तो बाबा कधीच नोकरी सोडून गेला. आजवर दार आपटूनही नशिबाने वाचलो, पण आता आणखी एक धक्का बसला की सगळं संपलं, आणि ते दार धक्क्याशिवाय उघडत नव्हतं.

अग्निशमनवाले आले. खिडकीचे गज काढायचं ठरलं, पण ड्रिल नाही, हातानेच. स्क्रू गंजलेले. दुपार कलली तरी दोनच गज निघाले होते.

"हलायचीसुद्धा भीती वाटते गं," ती आतून म्हणाली. "श्वास जोरात घेतला तरी ती बाटली ऐकते असं वाटतं. धाकटीला कळवू नकोस, तिची परीक्षा आहे."

"नाही कळवत."

"आणि या खिडकीतून माझी एक मांडी येईल फार तर."

"मग पोट आत घे मेले!" मी म्हणाले आणि रडू फुटलं.

"इतकी वर्षं पुड्याची तारीख बघितली," ती म्हणाली. "जुना उचलायचा, नवा ठेवायचा. मागे काय आहे ते बघितलंच नाही."

संध्याकाळी तिला ओढून बाहेर काढलं, कोपरं सोलवटली होती. बाटली बॉम्ब निकामी करणाऱ्यांनी नेली. समुद्राकडच्या मोकळ्या जागेत ती फोडली, तो आवाज आम्ही फाटकात उभ्या राहून ऐकला. बीलियनताईने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर लिन दोन्ही हातांत धरून नवा पुडा घेऊन आले. "ताई, या वेळी मोठा आणलाय. म्हणजे पुन्हा असं व्हायचं नाही."

तिने पुडा घेतला, टर्रकन फाडला आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या खायला लागली. खाऊ खाली सांडत होता.

"ते दार दुरुस्त करा आणि एकेक बाटली तपासून घ्या," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "तोवर मी आत जायची नाही. काढायचं तर काढा नोकरीवरून."