साडेवीस इंचांचं डोकं

बळेपेटेत नागोजी अण्णांचं दुकान कुठे, हे विचारावं लागत नाही. ज्या दुकानातून बोलण्याचा आवाज येतो आणि आत गिऱ्हाईक एकही दिसत नाही, ते त्यांचं. माणूस एकटा असला तरी बोलतो. सुईशी बोलतो, जरीशी बोलतो, समोर अडकलेल्या ऑटोवाल्याला ‘स्वल्प बाजूला घे रे’ म्हणता म्हणता त्याच्या पोराबाळांची चौकशी करतो. त्यांचे पूर्वज कोणे एके काळी मराठी फौजेबरोबर बेंगळूरला आले म्हणतात. फौज परत गेली. हे बहुधा कुणाशी तरी गप्पा मारत मागे राहिले.

अण्णा म्हैसुरी पेटे करतात. खायचा पेठा नव्हे हो! आपला फेटा डोक्यावर बांधावा लागतो. हा पेटा तयार शिवलेला असतो, टोपीसारखा चढवला की झालं. बेंगळुरात कुणाचाही सन्मान करायचा म्हटलं की शाल, हार, फळांची करंडी आणि पेटा, एवढं लागतंच. सगळा जन्म यात गेल्यामुळे अण्णांना माणसं तोंडावरून आठवत नाहीत, डोक्यावरून आठवतात. ‘तो साडेतेवीस आला होता काल,’ असं ते घरी सांगतात आणि घरच्यांना कळतंही.

घरात सगळ्यांत लहान डोकं सुनेचं, प्रणिताचं. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या मिरवणुकीसाठी अण्णांनी तिलाही पेटा करून दिला, तेव्हा टेप साडेवीस इंचांवरच थांबली. “अगं, हे डोकं आहे की लिंबू?” अण्णा म्हणाले. प्रणिता निपाणीची. ती कसली ऐकून घेते! “मामा, लिंबू केवढं ते पिळल्यावर कळतं,” म्हणाली. त्या दिवसापासून सासरा-सुनेचं जे जमलं ते जमलंच.

ही प्रणिता पीएचडी करत होती आणि विषय होता उखाणे. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांतल्या बायका नवऱ्याचं नाव घेतात त्यात कन्नड कशी येऊन बसली, ते ती शोधत होती. तिच्या पहिल्याच प्रकरणात सासूबाईंचा, म्हणजे कौशल्याबाईंचा उखाणा होता:

बळेपेटेच्या दुकानात रेशमाचा धागा,
नागोजीरावांचं नाव घेते, स्वल्प द्या जागा.

यातलं ‘स्वल्प’ कन्नड, म्हणजे ‘जरा’. संध्याकाळी अण्णा घरी आले की ती लिहिलेलं वाचून दाखवायची आणि अण्णा निम्मं समजून घेऊन पुरता वाद घालायचे. ‘याला संस्कृतिसंकर म्हणतात, मामा.’ ‘संकर कसला, तिला मराठी शब्द आठवला नाही म्हणून कन्नड घातला!’ असं जेवणाची ताटं होईपर्यंत चालायचं. या वादाशिवाय अण्णांना घास गोड लागत नसे.

आणि एका सकाळी हा वादच बंद पडायची वेळ आली. अण्णा आंघोळीचं पाणी तापायची वाट बघत उभे होते. आत स्वयंपाकघरात प्रणिता नवऱ्याला, गिरीराजला सांगत होती, “किती वर्षं हेच करत बसू? गाईड ‘बघू’च्या पुढे काही बोलत नाहीत. मल्लेश्वरमच्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या निबंधांना बक्षिसं आहेत. एखादं मिळालं तर पुढे जाते. नाही तर सोडून देते आणि मारतहळ्ळीला, तुझ्या ऑफिसशेजारी, एचआरमध्ये जागा आहे ती घेते.” गिरीराज म्हणाला, “तुला वाटेल तसं.” मुलगा गुणी, पण बोलणं मोजकं. अण्णा मात्र तापलेलं पाणी विसरून हिशेब करू लागले. मारतहळ्ळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे उजाडताच जाणार आणि दमूनभागून येणार. मग वाद कुणाशी घालायचा? जरीशी?

नेमके त्याच आठवड्यात परिषदेचे शिवकुमार सर दुकानात आले.

“अण्णा, तीन पेटे हवेत. गेल्या वर्षी भाषण चालू असताना पेटा नाकावर उतरला. सगळे फोटो तसेच निघाले. या वेळी मापं घेऊनच आलोय.” मापं होती तेवीस, साडेबावीस आणि साडेवीस. “आणि साडेवीसला जरीचं काम जास्त करा. मुख्य मान त्याच डोक्याचा आहे.”

अण्णांची सुई हातातच राहिली. परिषदेत बक्षिसं तीन, हे प्रणिताकडून त्यांना पाठ होतं. पेटेही तीन. ज्याचा मान त्याच्या डोक्यावर पेटा, याहून दुसरी रीत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि साडेवीस इंचांचं डोकं काय गल्लोगल्ली मिळतं? “कुणाचं हो हे?” त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं. “त्या दिवशी कळेलच,” म्हणत सर ऑटोत बसलेसुद्धा. हातच्या कंकणाला आरसा कशाला! पोरगी पहिली आली होती.

ही गोष्ट पोटात ठेवायची, असं अण्णांनी ठरवलं. ठरवलं हो, अगदी मनापासून ठरवलं! पण ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्यानं ठरवून काय होणार? घरी गेल्या गेल्या त्यांनी कौशल्याबाईंना सांगितलं आणि वर बजावलं, “कुणाला बोलू नकोस, प्रणिताला तर मुळीच नको.” कौशल्याबाईंनी फक्त नणंदेला सांगितलं. नणंद म्हणजे चंपाक्का, अण्णांची थोरली बहीण. तिचेही उखाणे त्या निबंधात होते. ती म्हणाली, “म्हणजे माझाच उखाणा फर्स्ट आला म्हण की!” आणि निबंधात जिचा जिचा उखाणा होता त्या प्रत्येकीला तिनं फोन लावला. उरलंसुरलं अण्णांनीच शेजारच्या कृष्णमूर्तींना सांगितलं. त्यांचं वाद्यांचं दुकान; ते म्हणाले, “सरी, ठरलं तर, मी ढोलकी घेऊन येतो.” उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! सगळ्या गल्लीला माहीत, माहीत नव्हतं ते एका प्रणिताला.

समारोपाच्या दिवशी ही वरात मेट्रोनं मल्लेश्वरमला निघाली. बायका काठापदराच्या साड्या नेसल्या होत्या, कौशल्याबाईंकडे पेढ्यांचा डबा, चंपाक्काच्या पिशवीत मोगऱ्याचा हार, कृष्णमूर्तींच्या काखेत ढोलकी. कॉलेजच्या सभागृहात मागची ओळ त्यांनी भरून टाकली. पुढे बसलेल्या प्रणितानं वळून पाहिलं आणि ती गोंधळलीच. हातानंच विचारलं, ‘तुम्ही इथे?’ सगळ्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावला.

आणि मंचावर पेटे आले.

तेवीसचा पेटा कुलगुरूंच्या डोक्यावर गेला. साडेबावीसचा कुणा देणगीदाराच्या. मग शिवकुमार सर जास्त जरीचा पेटा दोन्ही हातांत घेऊन निघाले ते थेट खुर्चीत बुडालेल्या एका पिकल्या, सुकल्या, चिमूटभर म्हाताऱ्याकडे. हे धारवाडचे प्राध्यापक भीमाचार्य, परिषदेचे प्रमुख पाहुणे. अण्णांनी लांबूनच माप घेतलं. साडेवीस. सूतभर कमी नाही, जास्त नाही. पेटा असा चपखल बसला की एरवी अण्णांनी स्वतःलाच शाबासकी दिली असती.

तेव्हा कुठे त्यांना उमगलं. पेटे पाहुण्यांचे होते! विद्यार्थ्यांना कागद आणि करंडक. म्हणजे प्रणिताचं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आपण हार, पेढे, ढोलकी घेऊन बसलोय. अण्णांनी डोळे मिटले. देवा, तिसरं दे, पण दे!

बक्षिसं इंग्रजीत जाहीर झाली. तिसरं अक्षरा नावाच्या मुलीला, दुसरं कुणा शौर्यला, पहिलं प्राणेशला. प्रणिताचं नाव आलंच नाही. तिची मान हळूहळू खाली जाताना अण्णांना मागूनही दिसली. पेटे करणाऱ्याला दुसरं काय दिसणार!

“नाग्या, आपली कधी?” चंपाक्कानं कोपरानं ढोसलं.

“अक्का, लहान बक्षिसं आधी देतात. मोठं शेवटी असतं.”

“मग त्या मुलाला एवढा मोठा करंडक कसा?”

“तो... तो जड असतो ना. म्हणून आधी देऊन टाकतात.”

चंपाक्का भावाला सोडून कृष्णमूर्तींकडे झुकली. अण्णांना वाटलं, सुटलो. आता सगळ्यांना गुपचूप बाहेर काढायचं, एवढंच ते जुळवत होते. तेवढ्यात निबंध वाचलेल्या प्रत्येकाला भाग घेतल्याचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात झाली. एकेक जण जाई, कागद घेई, दोन टाळ्या पडत. लोक चहाकडे बघत होते. अगदी शेवटी नाव आलं, “प्रणिता गिरीराज...”

पुढचं आडनाव कुणाला ऐकूच आलं नाही. मागच्या ओळीत ढोलकी कडाडली. बायका उभ्या राहून टाळ्या पिटू लागल्या. चंपाक्का हार घेऊन मधल्या वाटेनं निघाली, ती या वयात कधी न चढलेल्या पायऱ्या चढून मंचावर पोचली आणि हार प्रणिताच्या गळ्यात घालून तिनं कडाकडा बोटं मोडली. कौशल्याबाई पेढ्यांचा डबा घेऊन कुलगुरूंपासून सुरुवात करत होत्या. शिवकुमार सर ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणत हात वर करत होते. त्यांच्या वर केलेल्या हातात कौशल्याबाईंनी पेढा ठेवला. भीमाचार्यांनी तर दोन घेतले. बाजूला करंडक घेऊन उभ्या असलेल्या प्राणेशबरोबर कुणीच आलं नव्हतं. “खा रे बाळा, तुझंही छानच झालं,” म्हणून त्यालाही भरवला.

प्रणितानं हातातल्या कागदाकडे पाहिलं, गळ्यातल्या हाराकडे पाहिलं आणि मग मागे एकट्या बसून राहिलेल्या सासऱ्याकडे. अण्णांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले होते.

बाहेर जांभळाच्या झाडाखाली ती त्यांच्याजवळ आली तेव्हा अण्णांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मापं, जरीचं काम, भीमाचार्यांचं डोकं, सगळं. “पोरी, चुकलो. माझी जीभ कापून घे.”

प्रणितानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग जी हसत सुटली ती थांबेना. “मामा, काय करून ठेवलंत! मी आज घरी जाऊन सोडलं म्हणून सांगणार होते. आता कसं सोडू? या सगळ्यांना वाटतंय मी पहिली आले. उद्या बळेपेटेत कुठल्या तोंडानं—”

“कोण म्हणतं पहिली आलीस?” मागून आवाज आला. चंपाक्का चहाचा कप घेऊन उभी होती. “काही मिळालं नाही तुला. कृष्णमूर्तींना इंग्रजी येतं. त्यांनी मला कानात कधीच सांगितलं होतं.”

अण्णा बघतच राहिले. “अक्का, मग ती ढोलकी...?”

“मीच म्हटलं त्यांना, जोरात वाजवा. नाग्या, बक्षीस मिळालेल्याला अख्खं जग टाळ्या वाजवतं. पोरगी मान खाली घालून रिकाम्या हातानं निघाली होती. तेव्हा नाही वाजवायच्या तर घरच्यांनी वाजवायच्या तरी कधी?”

आता मात्र प्रणिताला रडू आलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं चंपाक्काच्या खांद्यावर सांडलं. अण्णा जांभळाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. बोलायला एक शब्द सुचेना, आणि बळेपेटेतल्या कुणी हे पाहिलं असतं तर डॉक्टरच बोलावला असता.

डोळे पुसून प्रणिता म्हणाली, “परीक्षकांचं एकच म्हणणं होतं, अक्का. उखाणे गोळा केलेत छान, पण ते म्हणणाऱ्या बायका निबंधात कुठे दिसतच नाहीत.”

“दिसत नाहीत?” चंपाक्का भडकलीच. तिनं कप अण्णांच्या हातात दिला, पदर खोचला आणि सभागृहाच्या दाराकडे वळली. “कुठे आहे तो परीक्षक? एवढा मंचावर चढून हार घातला, तरी त्याला मी दिसले नाही?”

प्रणिता धावत तिच्या मागे गेली. “थांबा अक्का, त्याला नको, मला सांगा. पहिल्यापासून सांगा. मी सगळं परत लिहिणार आहे.”