ईस्ट कोस्टवरची घूस

खरं बोलले तरी माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हेच माझं दुखणं! भावाला सांगितलं, भावजयीला सांगितलं, गावी नवऱ्याला फोन करून सांगितलं. नवरा काय म्हणाला माहितीये? “तू आणि भोळी? कोणाला सांगतेस!” तीस वर्षं संसार केला त्याची ही किंमत!

जाऊ दे. तुम्ही तरी तो कप खाली ठेवा आणि नीट ऐका. मग सांगा चूक कोणाची ते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण जुन्नरच्या बाजारात मला फसवणारा अजून जन्मायचाय. माझा धाकटा भाऊ प्रकाश शिकला, इंजिनियर झाला आणि सिंगापूरला गेला. बुकित बातोकला आठव्या मजल्यावर राहतो. सकाळी कंपनीची बस येते, हा गळ्यात पास अडकवून जुरोंग आयलंडला जातो. तिथे मोठमोठ्या टाक्यांत काय काय उकळत असतं, त्यावर लक्ष ठेवतो.

मी त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले, तर घरात नुसता घोर. ज्या सरकारी पासावर तो तिथे राहतो, तो संपत आलेला. पुढच्या कागदावर सही करणार त्याचे साहेब, तिवारी, कानपूरचे. सही झाली तर सिंगापूर, नाहीतर बाडबिस्तरा बांधून परत. माझी भावजय मेघा देवापुढे दिवा लावताना देवापेक्षा तिवारींचंच नाव जास्त घ्यायची.

शुक्रवारी सकाळी पक्या दात घासत घासत माझ्यापुढे उभा राहिला.

“ताई, उद्या ईस्ट कोस्टला चल. कंपनीचा खेळ आहे. घरातलं एक माणूस जोडीला लागतं, आणि मेघाचा पाय मुरगळलाय.”

“कसला खेळ?”

“घूस हंट.”

म्हणजे मला तरी तेच ऐकू आलं.

“अगं बाई! घुशी धरायच्या?”

“धरायच्या नाहीत, नुसत्या शोधायच्या. झाडीत लपवलेल्या असतात. ज्याला जास्त सापडतील तो जिंकला. आणि ऐक, तिवारी साहेब येणारेत. त्यांच्याशी जरा गोड बोल.”

चूळ भरली आणि पळाला बस पकडायला.

मी मात्र जागच्या जागी गार! सिंगापूर एवढं चकाचक कसं, हे कोडं मला विमानतळापासून पडलं होतं. ते तिथल्या तिथे सुटलं. सुट्टीच्या दिवशी इंजिनियर लोकांना घुशी शोधायला लावतात, मग राहील कशाला घाण?

आणि माणूस निवडला तोही बरोबर. आमच्या घराच्या मागे उकिरडा, उकिरड्याला लागून कांद्याची चाळ. घुशी ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. म्हटलं, पक्या, तुझी बहीण तुला पहिला नंबर आणून देते. सही काय, तिवारी शाल-श्रीफळ देतील!

घूस येते कशाला? वासाला. मी गावाहून सुके बोंबील नेले होते. तव्यावर खमंग भाजले, तुकडे केले. डब्यात घातले तर मेघा म्हणाली, “ताई, माझा डबा नको हं, वास जात नाही.” मग पक्याच्या टेबलाच्या खणातून एक खाकी पाकीट काढलं, त्यात ठासून भरलं आणि वरून चिकटवलं. जाडजूड झालं मस्त.

शनिवारी ईस्ट कोस्टला पोचलो. समोर समुद्र, माणसंच माणसं, सगळ्यांचे पिवळे शर्ट. पक्या म्हणाला, “तू इथे थांब, मी आपले शर्ट घेऊन येतो.” तो गेला आणि समोरून एक टक्कल पडलेले, सोज्वळ गृहस्थ हात जोडत आले.

“नमस्ते. आप प्रकाश की दीदी? मैं तिवारी.”

गोड बोलायचं होतं ना? मी हसले आणि माझी फर्स्ट क्लास हिंदी काढली.

“नमस्ते, नमस्ते! मैं घूस के लिए आयी.”

साहेबांचं हसू जागीच थांबलं. “किस लिए?”

“घूस, घूस! प्रकाश बोला, तिवारी साहेब खुद आनेवाले हैं. तो मैं घर से सब तयारी करके आयी.” आणि पर्समधून पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. “ये देखो. हाथ में तो लेके देखो, कितना जड है!”

साहेब दोन पावलं मागे. मला वाटलं, लाजतात. मी तीन पावलं पुढे.

“बहनजी, ये यहाँ नहीं चलता!”

“ऐसा कैसा नहीं चलता? खाने को दिये बिना घूस का काम होता है क्या? आपके ऑफिस में भी बडी बडी होएगी ना?”

“धीरे बोलिए!”

“धीरे काहे को? हमारे घर में तो आजोबा के टाइम से घूस चालू है!”

साहेबांनी दोन्ही हात वर केले, पोलिसाने बंदूक रोखल्यासारखे. “मिस टान! मिस टान!” म्हणून हाका मारायला लागले. एक चिनी बाई धावत आली. कंपनीत कोण नियम मोडतं ते बघणं हेच तिचं काम, हे मला मागाहून कळलं. साहेब तिच्या कानात काहीतरी पुटपुटले. बाईने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट नाचवून म्हणाली, “कॅनॉट, आंटी! कॅनॉट लाह!” म्हणजे, अजिबात चालायचं नाही.

एवढ्यात पक्या आला. डोक्याला कापडाची ही मोठी शिंगं बांधलेली!

“ताई, काय दिलंस साहेबांना?”

“अजून घेतलंय कुठे त्यांनी! आणि घुशीला शिंगं कधीपासून आली रे?”

“घूस? अगं, मूस! मूस हंट! मूस म्हणजे थंड देशातलं हरणासारखं जनावर! नवे मॅनेजर कॅनडाचे आहेत, त्यांनी पुठ्ठ्याचे मूस झाडीत लपवलेत!” मग त्याचा चेहरा पांढरा पडला. “तू साहेबांना हिंदीत... घूस म्हणालीस? ताई, हिंदीत घूस म्हणजे लाच!”

त्या समुद्रात उडी मारावी असं वाटलं हो. पण चूक कबूल करायची सवय कुठेय? “मग फेस थुंकून सांगायचं होतंस!” मी ओरडले. “तोंडात फेस असला की ओठ मिटतात का? म चा घ करतो आणि वर शिंगं घालून येतो!”

मिस टानने दोन बोटांच्या चिमटीत पाकीट धरून फाडलं. बोंबलांचा असा भपकारा सुटला की शेजारच्या सायकलवाल्याने ब्रेक मारला. तिवारी साहेब लसूणसुद्धा न खाणारे. नाकाला रुमाल लावून म्हणाले, “ये क्या है?”

“सर, बडे चूहे के लिए,” पक्या रडवेला झाला. “मराठी में बडे चूहे को घूस कहते हैं.”

“सिंगापूर में चूहा? प्रकाश, बहाना तो कुछ अच्छा सोचते!”

बघा! इथेही विश्वास नाही.

शेवटी माझ्या फोनवर कांद्याच्या चाळीतल्या घुशीचा फोटो सापडला, तेव्हा कुठे साहेब जरा निवळले. पण मिस टान कसली ऐकते! कोणी पाकीट पुढे केलं की रिपोर्ट लिहायचाच, आत बोंबील असले तरी. आणि रिपोर्टात मूळ कारण सापडल्याशिवाय साहेबांना पक्याच्या कुठल्याच कागदावर सही करता येणार नाही.

मग काय! सगळी कंपनी मूस शोधतेय आणि आम्ही चौघं बाकावर बसून कारण शोधतोय. त्यांच्याकडे पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत आहे. मिस टान इंग्रजीत विचारायची, पक्या मराठीत सांगायचा आणि माझं उत्तर रिपोर्टात लिहायचा.

“पाकीट का दिलं?”

“घुशी शोधायच्या होत्या म्हणून.”

“असं का वाटलं?”

“याच्या तोंडात फेस होता म्हणून! लिही, प्रकाशची चूक!”

पक्याचं पेन थांबलं. हळूच म्हणाला, “ताई, रिपोर्टात माझं नाव गेलं, तर साहेब सही कशावर करतील?”

“मग नको लिहू,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली, असं मेघा म्हणते.

“परत का नाही विचारलं?”

“मला कळलं होतं ना.”

“कळलं असं का वाटलं?”

“मला सगळंच कळतं.”

तिवारी साहेबांनी रुमाल तोंडावर दाबला. खांदे गदागदा हलत होते. मिस टान हसली नाही. तिने शेवटचं पाचवं ‘का’ विचारलं, “सगळं कळतं असं का वाटतं?” पक्या तर माझ्याकडे बघेचना.

मी त्याच्या हातातून पेन ओढलं. चौथी शिकलेय, सही येते मला! ‘मूळ कारण’ या चौकटीत, रेघेच्या बाहेर जाईल एवढ्या ठसठशीत मराठीत लिहून टाकलं: सौ. शकुंतला रामभाऊ डुंबरे.