केसपेपर आणि भिंतीवरचा टीव्ही

मंगरूळपीरच्या एका दवाखान्यात मी संगणकांचं काम पाहतो. त्या सकाळी केसपेपर निघेनात आणि केसपेपरशिवाय रुग्णाला आत घ्यायचं नाही, हा इथला शिरस्ता. खिडकीशी उभी बाई म्हणाली, "कायले थांबवून राह्यले, भाऊ? माह्या बुढ्याले दम लागून राह्यला."

रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये काय अडकलंय ते दाखवणारं, काळ्या पडद्यावर चालणारं एक टूल मी घाईघाईनं संगणकावर टाकलं. त्यात एकच काम चालू दिसलं: त्या टूलचं स्वतःचं. माझ्या लॉगिनला इतरांची कामं पाहायची परवानगीच नव्हती. सगळं उघडणारा मोठा पासवर्ड दवाखान्याच्या साहेबांकडे आणि साहेब कुणाच्या तरी सत्कारात. तिसऱ्या फोनला तो मिळाला.

मग कारण दिसलं. आदल्या दिवशी हार घालून, नारळ फोडून सुरू केलेला भिंतीवरचा टीव्ही, 'आजवरचे रुग्ण' हा आकडा दाखवायला, दर सेकंदाला साऱ्या नोंदी नव्यानं मोजत होता आणि केसपेपर त्यामागे अडकून पडले होते. मी ते काम बंद केलं, टीव्हीनं लगेच दुसरं सुरू केलं. शेवटी हाराखाली हात घालून प्लगच उपटला. केसपेपर निघाला.

दुपारी साहेबांनी एवढंच विचारलं, "टीव्ही कोणी बंद केला?"

बुढ्याला तोवर वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं. मी म्हणालो, "मी."